दुखरं मनगट

सावली गावात घरी बसून करिष्मा एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहायची. सारखी करंगळी ताणून कंट्रोलचं बटण दाबावं लागे. त्यानं डावं मनगट असं धरलं, की कूस बदलतानाही कळ यायची.

“कॉम्प्युटरनंच हात गेला तुया,” नवरा हेमराज म्हणाला. “सोडून दे ते नोकरी.”

“नोकरी नाई सोडत मी. बटनं बदलवते.”

तिनं एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे शॉर्टकट अंगठ्याखाली आणले. सुरुवातीला पार गोंधळ उडाला. सेव्ह करायला जावं तर ओळच पुसली जायची, कॉपी करायला जावं तर फाइल बंद व्हायची. हेमराज मागं उभा राहून हसायचा.

“काऊन डोकं फोडून राह्यली?”

ती पुसलेली ओळ परत लिहायची. हळूहळू बोटांना नवं वळण लागलं, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की टाइप करताना हात दुखतच नाही.

तरी घरकामात मनगट अजून दुखायचं, म्हणून डॉक्टरांना दाखवायला दोघं चंद्रपूरला गेले. डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि विचारलं, “आता कोणत्या कामानं दुखतं?”

“कपडे पिळताना.”

“मग ते पूर्ण बंद करा.”

घरी आल्यावर करिष्मानं भिजवलेल्या कपड्यांची बादली त्याच्या पुढ्यात सरकवली आणि लॅपटॉप उघडला.



“धरा. हे काम सोडलं मी.”