ओली वाळू

पत्र्याच्या पलीकडं पुन्हा एक पाइप भंगारात पडला. खळ्ळकन आवाज झाला आणि जालिंदरच्या पोटात गुदगुल्या झाल्या. हातातला स्वच्छ पाना त्यानं उगाच फडक्यानं पुसला आणि कान पलीकडं लावला. कय्युमला जमत नव्हतं. जमणारच नव्हतं.

दिंद्रुडच्या रस्त्यावरचं हे गॅरेज दोघांनी मिळून टाकलेलं. आता मधोमध पत्र्याची भिंत होती. कारण ऐकाल तर हसाल. जालिंदरनं आवळलेला नट कय्युमनं गिऱ्हाइकासमोर पुन्हा आवळून बघितला, एवढंच. मिस्तरी माणसाला चारचौघांत थोबाडीत खाल्लेली परवडते, हे परवडत नाही. दुसऱ्याच दिवशी जालिंदरनं मध्ये पत्रे ठोकले. त्या वर्षी ईदला कय्युमच्या घरून शिरखुर्म्याचा डबा आला नाही आणि चौदा एप्रिलला जालिंदरच्या घरची खीर तिकडं गेली नाही. दोघंही तोंडाला कुलूप लावून आपापल्या अर्ध्या गॅरेजात बसले.

अशात विठ्ठलरावांची जुनी जीप कय्युमकडं आली. तिचं इंजिन कायमचं बसलेलं. विठ्ठलरावांनी भंगारवाल्याकडून एका कारचं इंजिन आणलं होतं, ते जीपमध्ये बसवायचं होतं. बसलंही, पण त्याचा धूर बाहेर काढणारा मॅनिफोल्ड नेमका स्टेअरिंगच्या दांड्याला अडायला लागला. आता इंजिनाच्या चार भोकांसाठी चार पाइप हातानं वाकवायचे, दांड्याला वळसा घालून खाली एकात आणायचे. पाइप चपटा होऊ नये म्हणून त्यात कोरडी वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या, गॅसनं लाल करायचं आणि लाली उतरायच्या आत वाकवायचं. एकानं गॅस धरायचा, दुसऱ्यानं ओढायचं. आजवर गॅस जालिंदरच धरत आला होता. आता कोण धरतंय? येईल झक मारत, असं तो रोज स्वतःला सांगायचा. खरं तर त्या एका गोष्टीच्या जिवावरच तो एवढा ताठ बसला होता.

कय्युम काही आला नाही. तो नुसत्या चुका करत राहिला, आणि चुका तरी कसल्या! वाळू घट्ट बसावी म्हणून पाइपावर हातोडीची टकटक व्हायला हवी, ती झालीच नाही. मग पाइप चपटा होणार नाही तर काय होणार? त्यानंतर इंजिनाला बसायची जाड पट्टी त्यानं जमिनीवर ठेवूनच वेल्डिंगला घेतली. पत्र्याखालच्या फटीतून जालिंदरला ठिणग्या दिसत होत्या. ती पट्टी इंजिनाला बोल्टानं कसून मगच जोडायची असते, नाहीतर तापून वाकडी होते. हे जालिंदरला शिकवलं होतं ते कय्युमनंच. आता मात्र गुदगुल्या थांबल्या. याला झालंय तरी काय? डोळे गेले की डोकं? जालिंदरला त्याची काळजी वाटायला लागली आणि काळजी वाटते म्हणून स्वतःचाच राग यायला लागला.

दुपारी पलीकडं गॅस पेटला. थोड्या वेळानं फुस्स असा आवाज आला. मग पुन्हा, जरा मोठा.

जालिंदर ताडकन उठला. ओल्या वाळूची वाफ! पाइपात वाफ कोंडली की खुंटी गोळीसारखी सुटते. धारूरला एका मिस्तरीचा डोळा असाच गेलेला त्यानं पाहिला होता. तो रस्त्यावरून वळसा घालून पलीकडं धावला, कय्युमला खांद्यानं ढकललं आणि गॅस बंद केला.

"वाळू ओली हाय बे! मराय निघालास का? मला कावून न्हाई हाक मारलीस?"

 कय्युम उठला. कपडे झटकत बाजूला उभा राहिला.

पाइप निवल्यावर जालिंदरनं खुंटी ठोकून काढली आणि पाइप उलटा केला. वाळू सरसर खाली आली. रव्यासारखी कोरडी. त्यानं नीट बघितलं तर शेजारी पाण्याची बादली होती आणि तिच्या काठावर करपलेलं ओलं फडकं. लाल पाइपावर ते टेकवलं की असाच आवाज होतो. भंगाराच्या ढिगातही चपटा पाइप एकच होता. रोज तोच पडत होता; जमिनीवर जोडलेली पट्टीही भंगारातलीच होती.

त्यानं जीपचं बॉनेट उचललं. चारही पाइप इंजिनाला बसलेले होते. दांड्यापासून बरोबर बोटभर लांब, पट्टी सरळ, वेल्डिंग गोधडीच्या टाक्यासारखं एकसारखं. त्यानं हात लावून बघितला. लोखंड थंडगार होतं आणि त्यावर धूळही बसली होती.

"गॅस कुनी धरला?" विचारणं त्याला जड गेलं.

"आमिनानं. रातच्याला, तू घरी गेल्यावर."

कय्युमची बायको. म्हणजे घरचं माणूस धरू शकत होतं. जालिंदरचं तोंड एवढंसं झालं. इतके दिवस पत्र्याला कान लावून आपण कशाची वाट बघत होतो, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो जायला वळला.

"काम तर झालंच की तुझं. मग हे नाटक करून मला कशाला आनलंस?"

कय्युमनं टोपी काढून कपाळ पुसलं. 

"गॅस धरायला आमिना हाय बे. भांडायला मला कोन हाय?"