वीर ते महाड
चाळीस वर्षं महाडात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या हरी सरांना अमेरिकेतल्या नातीची, देवश्रीची, पत्रं इमेलने येत. आठ वर्षांची पोर वहीत मराठी लिहायची आणि तिचा बाबा ते पान स्कॅन करून पाठवायचा. सर ते सायबर कॅफेत छापून घेत, लाल पेनाने तपासत आणि परत धाडत. पाचव्या पत्रात एकोणीस चुका निघाल्या. सहावं पत्र आलंच नाही. वर्षभर सर दर सोमवारी कॅफेत जाऊन हात हलवत परत येत राहिले. मग मे महिन्यात देवश्री बाबाबरोबर वीर स्टेशनवर उतरली. न्यायला आलेल्या सरांना वाकून नमस्कार केला, पण बोलली नाही. रिक्षातही बाबाच्याच कानात इंग्रजीत कुजबुजत राहिली. "माझ्याशी बोल ना गं," सर म्हणाले. "माझा चुकते," ती खाली बघत पुटपुटली. 'माझं चुकतं' अगदी ओठांवर आलं होतं, सरांनी ते गिळलं. रिक्षा पुलावर आली तशी ती एकदम ओरडली, "आजोबा, म्हशी पाण्यात झोपला!" "अगंबाई, खरंच झोपल्या की! किती आहेत?" "सात झोपल्या! एक माझ्याकडे बघतो!" "बघते? मग कर की तिला हात." तिने हात केला आणि मग ती थांबेचना. दिसेल ते सांगत सुटली. सर नुसते ऐकत होते. मुक्काम चारच दिवसांचा होता. महाडची घरं दिसू लागली तसे ते पुढे वाकून रिक्षावाल्याला हळूच म्हणाले, "जरा लांबच्या रस्त्याने घ्या."