पाचवा तुरा

"दिसला?" भिंगवाल्यांनी पेन खिडकीच्या उजेडात धरलं. "टोपणाच्या कडेला. बारीक आहे, पण आहे."

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. कडेला काही म्हणता काही नव्हतं. रेझिन पाण्यासारखं नितळ होतं आणि आत रानगवताचा तुरा छान उभा होता.

"तो तुमच्या भिंगावरचा डाग आहे."

त्यांनी भिंग रुमालानं पुसलं, पुन्हा पाहिलं. "नाही हो, बुडबुडाच आहे. परत करू या. मला घाई नाही."

घाई नाही! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीच्या गिऱ्हाइकांना पी हळद आणि हो गोरी असं हवं असतं, आणि या गृहस्थाचं हे चौथं पेन. तुरा आधी आठ दिवस बरणीत कोरडा करायचा, कारण जरा ओल राहिली की तो आतल्या आत काळवंडतो. मग ब्रशनं त्याला रेझिनचा पातळ हात द्यायचा, म्हणजे काड्यांत अडकलेली हवा निघते. मग साच्यात ओतायचं, दाबाच्या भांड्यात ठेवायचं, घट्ट झालं की लेथवर कातायचं. अकरा वर्षांत बुडबुडा असलेलं एकही पेन या दुकानातून बाहेर गेलं नव्हतं. बाईंची अब्रू ती एवढीच, आणि हा माणूस भिंग घेऊन तिच्यातच खोट शोधत होता.

तुरे त्यांनी जुन्या वहीत दाबून आणले होते, मोजून पाच. लग्नाआधी बायकोबरोबर कुठल्याशा माळावर खुडलेले.

"आता एकच उरलाय," बाई म्हणाल्या. "त्या माळावरून आणखी घेऊन या."

"वाट नाही आठवत. ती पुढे चालायची, मी आपला मागे मागे."

"मग विचारा की त्यांना!"

भिंगवाले चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

"एका कागदावर आम्हा दोघांना सही करायची आहे," ते म्हणाले. "याच पेनानं करायची, असं ठरलंय. म्हणून पेन निर्दोष हवं."

"नव्या घराचा कागद का?" कोपऱ्यातून बाईंच्या सासूबाईंनी विचारलं.

"घराचाच म्हणायचा."

ते गेल्यावर बाईंनी भांडी आपटली. "घर पडेल जुनं होऊन, तरी यांची सही व्हायची नाही!"

"माणूस बरा आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "दर वेळी किती दिवस लागतील विचारतो, आणि तू महिना म्हणालीस की चेहरा खुलतो त्याचा."

"त्यांचा खुलतो, माझा पडतो!"

पाचव्या तुऱ्यावर बाईंनी जीव ओतला. रेझिन इतकं थेंबाथेंबानं सोडलं की मान अवघडली. पॉलिश तीनदा केलं. शेवटी पेन हातात घेतलं तेव्हा त्यांना स्वतःलाच स्वतःचा अभिमान वाटला.

भिंगवाल्यांनी ते अर्धा तास पाहिलं. सगळीकडून फिरवलं. मग भिंग खिशात टाकलं आणि डोळे पुसले.

"भिंगानं पाणी येतं डोळ्यांना," ते म्हणाले. "नाही सापडला."

"नाहीच सापडणार!" बाई विजयानं म्हणाल्या. "बांधून देऊ?"

"उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आली एक करड्या केसांची, नीटस बाई. दारातच म्हणाली, "पाच महिने एक पेन होत नाही का हो तुमच्याच्यानं? सारखे बुडबुडे काय राहतात? मी त्यांची बायको." मग जरा थांबून, "अजून आठवडाभर तरी."

"म्हणजे?"

"घटस्फोटाचे कागद कधीचे तयार आहेत. त्यांनी एवढंच मागितलं, सही या पेनानं करू. मी म्हटलं, बरं. मला काय ठाऊक, तुम्ही इतक्या धांदरट असाल!"

अकरा वर्षांत बाईंना असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी डबी उघडून पेन पुढे ठेवलं.

तिनं ते उचललं. अंगठा तुऱ्यावरून हळूच फिरला आणि तिथेच थांबला. "रंग नाही गेला याचा," ती म्हणाली. मग तिनं पेन परत दिलं. "द्या बांधून."

बाईंनी पेन घेतलं. खिडकीशी गेल्या, चष्मा खाली ओढला आणि टोपणाची कडा बराच वेळ निरखली.

"नाही देता यायचं," त्या म्हणाल्या. "बुडबुडा आहे यात. आणि तुरे संपले. तुम्हा दोघांनाच त्या माळावर जाऊन नवे आणावे लागतील."