सोबतीचा खडा

“तिघं जाऊन राहिले, मंग चौथा म्हनून अंगनातला खडा घेजो,” सासूबाईंनी मला बजावलं होतं.

घाईत मी विसरले. स्टेशनच्या वाटेवर तळं लागतं, तिथल्या काठच्या पाण्यातून एक काळा खडा उचलला आणि पिशवीत टाकला.

बऱ्हाणपूरच्या गाडीत नवरा कुलदीप आणि लेक आचल माझ्यासमोर बसली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

अकोला मागे पडलं तरी पिशवीतून पाणी गळतच होतं. खडा काढला, पदरानं कोरडा पुसला आणि शेजारच्या जागेवर ठेवला. तो पुन्हा ओला झाला.

भुसावळला कुलदीपनं तीन चहा घेतले. तिसरा कप माझ्यापुढून शेजारी गेला.

“मले?” मी विचारलं. कुलदीपनं वर पाहिलं नाही. शेजारी बघावं म्हटलं, तर मान वळेना.

“आई, तुये हात ओले काहून हायेत?” आचलनं विचारलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी बघत होती.

गाडी तापीच्या पुलावर आली.

“तो खडा फेकून दे आता नदीत,” कुलदीप म्हणाला.

शेजारून माझ्याच बांगड्या घातलेला ओला हात आला आणि त्यानं मला मुठीत घेतलं.