झेडचा सामना

डॉड गेडिसने गावच्या फुटबॉल मैदानावरच्या फलकावर ‘झेड’ अक्षराखाली दोन आणि शून्य टांगलं, शिडीवरून सहज खाली बघितलं आणि तो उतरता उतरता थांबला. फेमी रेनी फलकासमोर तिच्या ठरलेल्या जागी उभी होती. शेजारी तिचा मुलगा लॉरी. ज्याचा संघ आत्ता शंभर मैलांवर दोन गोलांनी पुढे होता, तो लॉरी इथे फुंकर घालत चहा पीत होता.

गेल्या वर्षापर्यंत सगळं रीतसर होतं. लॉरी स्कॉटलंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळायचा. मध्यंतराला बाकीच्या मैदानांवरचे आकडे डॉडला फोनवर कळायचे आणि तो ते फलकावर लावायचा. कुठलं अक्षर म्हणजे कुठला सामना, हे सामन्याच्या पत्रिकेत छापलेलं असे. फेमीला गावच्या संघाशी काही देणंघेणं नव्हतं. ती मुलाचं अक्षर बघायची आणि उत्तरार्ध सुरू व्हायच्या आत घरची वाट धरायची.

मग लॉरीचा गुडघा गेला. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात क्लबने त्याला नारळ दिला. तो उत्तरेकडच्या एका खेड्याच्या संघात गेला, ज्याचा निकाल पेपरवालेही छापत नाहीत. नव्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी फेमी सवयीने आली आणि फलकावर नुसती शोधत राहिली. डॉडला ते बघवेना. तो तिला म्हणाला, पुढच्या वेळेपासून झेड बघत जा, मी तिकडे फोन लावतो.

बोलून तर बसला. पण त्या खेड्यात फोन एकच, तोही पोस्टात, आणि पोस्ट शनिवारी दुपारी बंद. घंटी वाजून वाजून थकली. खाली फेमी मान वर करून उभी. डॉडने एक-शून्य लावून टाकलं.

तेव्हापासून दर शनिवारी हेच. लोक विचारायचे, पत्रिकेत नसलेलं हे झेड काय आहे बुवा? एक जण म्हणे, झांझिबारचा सामना असणार. खरं वाटावं म्हणून डॉडने एकदा लॉरीला मागेसुद्धा टाकलं. त्या संध्याकाळी त्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

आता सगळं उघडं पडणार होतं. स्वतःच्या फजितीचं त्याला काही नव्हतं. पण आपल्यामुळे म्हातारीचा शनिवार जाणार, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. आपणच कबूल करून माफी मागावी असं ठरवून तो शिडी उतरला, टोपी हातात घेतली आणि गर्दीतून वाट काढत मायलेकांच्या मागे येऊन उभा राहिला.

लॉरी आईला विचारत होता, “बर्फ पडलं, सामना रद्द झाला, म्हणून तर मी घरी आलो ना? मग हे दोन-शून्य कुणाचं?”

“तुझंच,” फलकावरची नजर न काढता फेमी म्हणाली. “आणि त्या डॉडसमोर एक शब्द काढू नकोस. मंगळवारी तुझं हरल्याचं पत्र येतंच रे. पण तोवर तीन दिवस तू पुढे असतोस.”