किटली सुरू झाली

किटलीचा निळा दिवा जरासा लुकलुकला आणि विझला. फोनवर पुन्हा तेच वाक्य आलं: वायफाय सापडले नाही.

"अगं, नाही ऐकत तर सोड तिला," बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडले. "पाणी तापतंय ना? मग झालं तर!"

"पाणी पातेल्यातही तापतं," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला पाणी नकोय, तुमची खबर हवीय."

त्या खबरीसाठीच तर हा सगळा खटाटोप चालला होता. गेल्या महिन्यात बाबांना जिन्यात चक्कर आली. शेजाऱ्यांनी उचलून घरात आणून निजवलं आणि लेकीला कळलं ते दुसऱ्या दिवशी, तेही शेजाऱ्यांकडून. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी बाबांनी फोन उचलला नाही की ती लगेच शेजाऱ्यांना फोन लावायची, आणि फोन उचलण्याचा बाबांना भारी कंटाळा.

शेवटी तिच्या नवऱ्याने ही किटली शोधून काढली. सकाळी किटली लागली की लेकीच्या फोनवर निरोप येणार. चहा झाला म्हणजे बाबा उठले, हिंडते-फिरते आहेत. तिने बाबांना सरळ सांगून टाकलं होतं: आज किटली जुळली तर ठीक, नाहीतर उद्या बॅग भरायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. आणि जुळली तरी एकट्याने भटकणं बंद.

हे शेवटचं बाबांना फार लागलं. उभं आयुष्य लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस तो. निवृत्त झाल्यावरही कुठल्यातरी बसमध्ये खिडकीपाशी बसून यायचा, उगीचच. ते ऐकून त्यांनी तोंड पाडलं, पण लेकीपुढे काही चाललं नाही.

लेक पुन्हा कामाला लागली. तिने पासवर्ड नव्याने घातला, किटली बंद करून चालू केली, ओट्यावरून टेबलावर नेली, टेबलावरून खिडकीत. गंमत अशी की बाहेरच्या खोलीत वायफाय ठणठणीत असायचं आणि ती आत आली की गायब! दर वेळी, अगदी ठरवल्यासारखं.

"भिंत जाड आहे," बाबा म्हणाले.

"एवढी जाड? किल्ला आहे का हा?"

वैतागून ती तरातरा बाहेर आली आणि दारातच थबकली. बाबा वायफायच्या डब्यापाशी उभे होते. बोट बटणावर.

"बाबा! काय करताय?"

"चालू करतोय. तू बाहेर आलीस ना."

"म्हणजे बंद कुणी केलं होतं?"

"मीच. तू आत गेलीस म्हणून." बाबांना तिच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "गाडी थांबली की इंजिन बंद करायचं. उभ्या गाडीत डिझेल कोण जाळतं? तू आत की बंद, बाहेर की चालू. सकाळपासून हेच करतोय मी, कंबर धरली माझी."

आता बोला! तिने कपाळावर हात मारून घेतला. रागवायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. ती खाली बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने त्या बटणावर चिकटपट्टी लावली. "याला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे," असा दमही भरला.

त्यानंतर निळा दिवा लागला तो लागलाच. फोनवर अक्षरं उमटली: किटली सुरू झाली. तिच्या जिवात जीव आला.

"म्हणजे आता फोनवरूनही लागते का गं ही?" बाबांनी चष्मा पुसत विचारलं.

"लागते की! रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी अंथरुणातूनच दाबायचं. मला निरोप येणारच."

तिने त्यांना शिकवलं. आणि काय सांगावं, सकाळपासून नाक मुरडणारे बाबा एकदम लहान मूल झाले. त्यांनी खुर्चीतून किटली लावली, गच्चीत जाऊन लावली. मग चप्पल घालून थेट नाक्यावर गेले आणि तिथून फोन केला, "ठमे, उकळतंय का बघ!"

"उकळतंय, उकळतंय! अंथरुणातून दाबायचं तर नाक्यावर कशाला गेलात?"

"नवी गाडी ताब्यात घेतली की आधी नीट चालवून बघायची असते."

ती पुन्हा हसली. किती दिवसांनी बाबा असे रंगात आले होते! बॅग भरायचा विषय तिने तिथेच सोडून दिला.

मग रोज उजाडलं की निरोप यायचा. किटली सुरू झाली. ती निवांत कूस बदलायची. तिला शांत झोप लागायला लागली, घरात चिडचिड कमी झाली. नवरा म्हणाला, "किटलीने आपलं घर वाचवलं." तिलाही ते पटलं.

एका रविवारी तिला बाबांची फार आठवण आली. न कळवता जावं, सकाळचा चहा त्यांच्यासोबत घ्यावा, म्हणून ती भल्या पहाटे निघाली. त्यांचा जिना चढायला लागली तोच फोन वाजला. किटली सुरू झाली. अगदी वेळेवर! तिने हसतच बाबांना फोन लावला. आज त्यांनी चटकन उचलला.

"काय बाबा, चहा टाकला वाटतं?"

"टाकला ना. ओट्यापाशीच उभा आहे."

"हॉर्न केवढ्यांदा वाजतोय तिथे!"

"खिडकी उघडी आहे गं. वारा काय सुरेख येतोय!"

"मजेत दिसताय."

"एकदम मजेत. तू माझी काळजी करणं सोड बघू आता."

तिला कोण आनंद झाला. हसू दाबत तिने फोन ठेवला आणि उरलेल्या पायऱ्या झपाझप चढून वर आली. आत किटली खळाखळा उकळत होती, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं, आणि दाराला बाहेरून हे भलंमोठं कुलूप होतं.