हेमकांत सरांची पद्धत

"हाई उपट," चुनीलाल आबांनी बांधावर बसूनच काठीनं केळीचं रोप दाखवलं. पानांवर पिवळे पट्टे, म्हणजे हरण्या रोग. एक रोप दयेनं ठेवलं, तर अख्खी बाग हातची जाते. त्यांच्या मुलानं, हेमकांतनं ते मुळासकट उपटून पोत्यात कोंबलं आणि खिशातला फोन काढला.

सव्वानऊ वाजून गेले होते. त्यानं घेतलेला शेअर आजही उघडताच दिवसाच्या खालच्या मर्यादेला जाऊन थिजला होता. पाचवा दिवस. विकणारे ढीगभर, घेणारा एकही नाही.

आबांच्या बायपासचे साडेचार लाख त्यात होते. सुरतच्या दवाखान्यानं गुरुवारची तारीख दिलेली. तोवर पैसे नुसते का पडू द्यायचे, म्हणून शहाद्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या शहाण्यानं ते गुंतवले. भाव ठरावीक आकड्याखाली गेला की आपोआप विकणारा स्टॉप लॉस लावलाच नाही. तो भित्र्यांसाठी, असं हेमकांत सर स्टाफरूममध्ये सांगत. पडलेला शेअर घ्यायचा आणि वर येईपर्यंत धरून ठेवायचा, ही त्यांची पद्धत बारा वर्षांच्या भावांवर तपासलेली होती. एकशे चाळीस कंपन्या; पडलेली प्रत्येक पुन्हा वर आलेली.

आज त्यानं आबांना पद्धतीसकट सगळं सांगून टाकलं. लपवायला दिवसच उरले नव्हते.

आबांनी काठीचं टोक मातीत रुतवलं. मग म्हणाले, "त्या एकशे चाळीस कोठून लिध्यात?"

"आज बाजारमा चालू शेतस, त्यामाईनच."

"आनि ज्या बंद पडन्यात, त्या?"

त्या हेमकांतनं मोजल्याच नव्हत्या.

"हाई बागमा तीन हजार रोपे लायेल व्हतात," आबा शांतपणे म्हणाले. "आज उभा शेतस तेवढाच मोजू, त आपलं एकबी झाड कधी मरनं नहीं."

हेमकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साधी गोष्ट, आणि बारा वर्षांच्या आकड्यांत त्याला ती दिसली नव्हती.

"आबा, मी घरवर कर्ज काढस."

"मन्हा जीवकरता पोरेसनं घर नको. केळी निंघनी का जाऊत सुरतले."

केळी निघायला आठ महिने होते. महिनाभरही थांबू नका, असं डॉक्टरांनी दोघांसमोर बजावलं होतं.

आबा काठीवर भार देत उठले, दोन पावलं टाकली आणि छातीवर हात ठेवून पुन्हा खाली बसले. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"घरमा सांगजो," ते म्हणाले, "म्हातारा घाबरना, तोच ऑपरेशनले नहीं म्हनना."